निवडणूक बुडवणाऱ्यांनी आफ्रिकेला नावे ठेवू नयेत

सेनेगलमध्ये २०२४ साली मतदान तीन आठवड्यांवर आले असताना राष्ट्राध्यक्ष मॅकी साल यांनी निवडणूक पुढे ढकलली. संसदेने थेट डिसेंबरची तारीख ठरवून टाकली. लोक रस्त्यावर उतरले, माणसे मेली. पण बारा दिवसांत तिथल्या घटना परिषदेने तो निर्णय रद्द केला. २४ मार्चला मतदान झाले आणि दहाच दिवसांपूर्वी तुरुंगातून सुटलेले बासिरू दियोमाये फाय पहिल्या फेरीत निवडून आले.

आता आपल्या शहराचे बघू. छत्रपती संभाजीनगर महापालिकेची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. तेव्हा कोरोना होता, मान्य. पुढे काय होते? ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, तारीख पे तारीख. याच काळात लोकसभा झाली, विधानसभा झाली, मैदाने भरली; अडचण आली ती फक्त महापालिकेला. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने खडसावले, तेव्हा कुठे १५ जानेवारी २०२६ ला मतदान झाले. पावणेसहा वर्षे या शहरात एकही नगरसेवक नव्हता; कारभार प्रशासकाच्या हाती होता. घटनेने महापालिकेची मुदत पाच वर्षांची ठरवली आहे आणि ती संपण्याआधी निवडणूक घ्यायला सांगितली आहे. ते पाळले नाही महाविकास आघाडीने, आणि महायुतीनेही. दोघांनाही प्रशासकच सोयीचा होता.

नाथसागर जलाशय पैठणला, जेमतेम पन्नासेक किलोमीटरवर. तरी इथल्या बायका आठ-आठ दिवस नळाची वाट पाहत बसल्या. १६८० कोटींची पाणी योजना २७४० कोटींवर गेली. ती का वाढली, हे भर सभागृहात विचारणारा वॉर्डाचा माणूसच नव्हता, कारण सभागृहच नव्हते.

आणि अशा वेळी टँकरभोवती उभे राहून लोक म्हणतात, ‘नुसती आफ्रिका झालीय.’ माझे डोके फिरते. सुदानमधले युद्ध खरे आहे, माली, बुर्किना फासो, नायजरमधली लष्करी बंडेही खरी आहेत. पण केनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्षांचीच निवड रद्द करून फेरमतदान घ्यायला लावले, आणि बोट्स्वानात १९६६ पासून सत्तेत असलेला पक्ष २०२४ मध्ये हरला, तेव्हा राष्ट्राध्यक्षांनी पराभव कबूल करून खुर्ची सोडली. हे आपल्याला माहीत नसते, आणि माहीत करून घ्यायची इच्छाही नसते. हे शहर तर वसवलेच एका आफ्रिकी माणसाने. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा वजीर झाला, १६१० च्या सुमारास त्याने खडकी या नावाने हे शहर वसवले आणि डोंगराकडचे पाणी जमिनीखालच्या नहरीने गावात खेळवले. भडकल दरवाजा त्यानेच बांधला. त्याच दरवाजाखालून जाता-येता आपण आफ्रिकेला हिणवतो, याची मला लाज वाटते.

प्रशासकांनी स्वतःच मांडलेला आणि स्वतःच मंजूर केलेला प्रत्येक ठराव नव्या नगरसेवकांनी पटलावर मागवावा. सुरुवात पाणी योजनेपासून करावी, आणि ती चर्चा लोकांसमोर, दारे उघडी ठेवून व्हावी.