एका दिवसाच्या बंदीपलीकडे

रायपूरची भनपुरी म्हणजे बिलासपूर रस्त्यावरची कारखान्यांची वस्ती. गांधी जयंतीला महापालिका शहरभर मांसविक्री थांबवते, तेव्हा इथलीही दुकाने बंद राहतात. दुसऱ्या दिवशी सुऱ्या चालू होतात. प्राण्याच्या वाट्याला काय आले, हे मात्र कुणी विचारत नाही.

विचारायला कायदा आहे. २००१च्या कत्तलखाना नियमांनुसार एका जनावरासमोर दुसरे कापता येत नाही. गाभण जनावर किंवा तीन महिन्यांखालचे पिल्लू मारता येत नाही. पशुवैद्यकाने तासाला बारापेक्षा जास्त जनावरे तपासायची नाहीत, कारण घाईतली तपासणी म्हणजे निव्वळ शिक्का. ही कलमे कुणाच्या ताटावर बंदी घालत नाहीत; मरणाऱ्या जिवाची भीती आणि वेदना कमी करतात.

न मारणे म्हणजे दया, हेही खरे नाही. ऑगस्ट २०१७मध्ये शेजारच्या दुर्ग जिल्ह्यात राजपूरच्या गोशाळेत गायी दगावल्या. चारापाण्याच्या आबाळीचा ठपका ठेवून चालकाला अटक झाली. जून २०२४मध्ये रायपूर जिल्ह्यातल्या आरंगजवळ जनावरे वाचवण्याच्या नावाखाली म्हशी नेणाऱ्या ट्रकचा पाठलाग झाला. ट्रकमधल्या, महानदीच्या पुलाखाली पडलेल्या तिघांचा जीव गेला. माणसे मेल्यावर कोणते जनावर वाचले?

मांस खावे की सोडावे, हे ज्याने त्याने ठरवावे. सोडणाऱ्यांचा निर्णय आदराने पाहावा, तसाच खाणाऱ्यांचाही. पण सुरीखालच्या जिवाचे हाल टाळणे हे दोघांचेही कर्तव्य आहे. रायपूर महापालिकेने बंदीच्या आदेशाइतक्याच तत्परतेने कत्तलखान्यांच्या तपासणीचे अहवाल लोकांसमोर ठेवावेत.