भिंत तुमची, ओल मात्र आमची

जुलै उजाडला की मुंबई, ठाणे, पुण्यात एक ठरलेला संवाद सुरू होतो. भाडेकरू घरमालकाला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतो: बेडरूमचा कोपरा, फुगलेला रंग, त्यावर काळे-हिरवे ठिपके. दोन दिवस नुसत्या ब्लू टिक. मग उत्तर येतं, “खिडक्या उघड्या ठेवत जा. कपडे आत वाळत घालता का?” झालं. चौकशीआधीच निकाल लागला. भिंत निर्दोष, राहणारा दोषी.

माझं म्हणणं साधं आहे. ओल कुठून येते ते शोधणं आणि ती थांबवणं हे घरमालकाचं काम आहे. ते तो आपल्या राहणीवर ढकलत असेल, तर आपण मान खाली घालून बुरशी पुसत बसायचं काही कारण नाही.

आधी भिंतीचं बघू. बुरशीला ओलावा लागतो आणि घरात तो साधारण दोन वाटांनी येतो. एक, भिंतीतून: वरच्या बाथरूमचं वॉटरप्रूफिंग गेलेलं, आतला पाइप गळणारा, बाहेरच्या प्लास्टरला तडे, गच्चीवर साचलेलं पाणी. दुसरी, हवेतून: स्वयंपाकाची वाफ, आंघोळीची वाफ, दोरीवरचे ओले कपडे. ती वाफ गार भिंतीवर जाऊन बसते. या दुसऱ्या वाटेत आपलाही वाटा असतो, हे मान्य. पण वाट कोणती, याचा अंदाज घ्यायला तज्ज्ञ लागत नाही. भिंतीचा तो भाग कोरडा पुसा, वीतभर ॲल्युमिनियम फॉइल लावा, चारही कडा चिकटपट्टीने बंद करा आणि एक-दोन दिवस थांबा. खोलीकडच्या बाजूला दव धरलं तर ओल हवेतली. फॉइलच्या मागे पाणी निघालं तर भिंतीतली. कोर्टात टिकेल असा हा पुरावा नाही, पण “खिडकी उघडत जा”ला उत्तर द्यायला पुरतो.

ठाण्यातल्या माझ्या गेल्या घरात पाणी फॉइलच्या मागे होतं. फोटो पाठवला. काका म्हणाले, “बाळा, आम्ही इथे पंधरा वर्षं राहिलो, कधी ठिपका दिसला नाही. वरच्यांशी बोलून बघ.” वरच्या काकू म्हणाल्या, “आमचं बाथरूम तर कोरडं ठणठणीत आहे.” सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, “तुम्ही मेंबर नाही, ओनरचा अर्ज आणा.” ओनरने अर्ज दिलाच नाही. ऑगस्टपर्यंत कपाटातली बॅग, बेल्ट, चपला सगळं बुरशीने पांढरं झालं. शाळेतच सुटलेला रूममेटचा इन्हेलर परत उशाशी आला. एका माणसाचा दमा एका भिंतीमुळेच उलटला, हे मी सिद्ध करू शकत नाही. पण ओल आणि बुरशी असलेल्या घरांत श्वसनाचे त्रास आणि दमा जास्त आढळतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्येच आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत नोंदवलंय. घर सोडताना माझ्या डिपॉझिटमधून 12,000 रुपये कापले गेले. कारण काय, तर “भिंत खराब केली.”

ही एकट्या काकांची गोष्ट असती तर मी लिहायला बसलो नसतो. यामागे एक चक्र आहे. आपण घर बघतो एप्रिल-मेमध्ये. तेव्हा भिंत वाळलेली असते, रंग ताजा असतो. पावसाळ्यात बुरशी येते. दिवाळीपर्यंत टाळाटाळ चालते. थंडीत भिंत आपोआप सुकते, मग “बघ, गेली ना!” पुढच्या उन्हाळ्यात करार संपतो. पुन्हा एक हात रंग, पुन्हा नवा भाडेकरू. अकरा महिन्यांत बरोबर एक पावसाळा बसतो, आणि मालकाला तेवढाच काढायचा असतो.

हे अकरा महिने तरी कशासाठी? वर्षाच्या आतल्या कराराला नोंदणी लागत नाही, या जुन्या हिशोबातून ही सवय पडली. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 च्या कलम 55 नुसार मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो. ती जबाबदारी मालकाची आहे. न पाळल्यास 3 महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे अकरा महिन्यांचं मूळ कारण आपल्या राज्यात संपलंय. फायदा तेवढा शिल्लक आहे.

त्याच कायद्याचं कलम 14 सांगतं, की उलट करार नसेल तर घर राहण्याजोगं ठेवायला मालक बांधील आहे. किमान 15 दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी वेळेत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू स्वतः करून घेऊ शकतो आणि तो खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. वाचून बरं वाटलं ना? थांबा. हे कलम भाडेकरूसाठी आहे. आपण सही करतो तो कागद ‘लीव्ह अँड लायसन्स’चा. त्यात आपण भाडेकरू नसतो, लायसन्सी असतो. कलम 24 मात्र आपल्याला बरोबर ओळखतं: मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर दुप्पट दराने भरपाई. आपण जास्त राहिलो तर काय करायचं, ते कायद्याने लिहून ठेवलंय. आपण राहतो त्या भिंतीचं काय करायचं, हे लिहायचं राहून गेलंय.

राहणीला दोष देण्याची ही पद्धत जगभर चालते. इंग्लंडमधल्या रॉचडेलमध्ये डिसेंबर 2020 मध्ये आवाब इशाक हा नुकताच दोन वर्षांचा झालेला मुलगा गेला. त्याच्या वडिलांनी 2017 मध्येच घरातल्या बुरशीची तक्रार केली होती. त्यांना वरून रंग मारायला सांगण्यात आलं. घर देणाऱ्या संस्थेने बुरशीचं खापर कुटुंबाच्या राहणीवर फोडलं. 2022 मध्ये मृत्यूच्या चौकशी अधिकाऱ्याने निष्कर्ष काढला: दीर्घकाळ बुरशीत राहिल्याने झालेला श्वसनाचा गंभीर आजार. पुढच्या वर्षी तिथे कायदा झाला, की सामाजिक भाड्याच्या घरांत ओलीची तपासणी आणि दुरुस्ती ठरलेल्या मुदतीत व्हायलाच हवी. तो त्या मुलाच्या नावाने ओळखला जातो. आपल्याकडे असा कायदा यायला कुणाचं नाव लागायला नको.

यावर काका-काकू म्हणतील, “आम्हीही पेन्शनवाले. आमचेही हप्ते आहेत.” खरं आहे, आणि वॉटरप्रूफिंग महाग असतं हेही खरं. पण फ्लॅटची किंमत वाढते ती त्यांच्या नावावर. दुरुस्तीने घर टिकतं तेही त्यांचंच. वरच्या मजल्याची फरशी उकरायचा, बाहेरच्या भिंतीला परांची बांधायचा, सोसायटीच्या सभेत उभं राहायचा अधिकारही त्यांच्याकडे. आपल्या हातात एक खिडकी आणि ब्लीचची बाटली. ज्याच्या हातात इलाज, त्याच्याच डोक्यावर जबाबदारी. यात कसला आलाय अन्याय?

घर देताना मालक आडनाव विचारतात, नोकरी विचारतात, नॉनव्हेज विचारतात, रात्री कोण येतं-जातं तेही विचारतात. आपणही विचारायला शिकू. करारात तीन वाक्यं घालायला लावा: गळती आणि ओल मालकाची जबाबदारी, लेखी तक्रारीनंतर 15 दिवसांत काम सुरू, ओलीने खराब झालेल्या रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापायचे नाहीत. किल्ली घेताना प्रत्येक भिंतीचा व्हिडिओ काढून मालकाला पाठवा, म्हणजे तारखेसकट नोंद राहील. काहीजण म्हणतील, “नको असेल तर दुसरं घर बघा.” एकट्याला असं म्हणणं सोपं असतं. येणारा प्रत्येक जण हेच विचारायला लागला, की ते अवघड होत जाईल. म्हणून पुढच्या मे महिन्यात ब्रोकर ताज्या रंगाचा फ्लॅट दाखवेल, तेव्हा आधी एवढंच विचारा: “या भिंतीचा जुलैमधला फोटो आहे का?”