खुर्ची कितवी, हा प्रश्नच चुकीचा!

बीथोवनची पाचवी सिम्फनी साधारण अर्ध्या तासाची. तिचे भाग चार. त्यात ट्रॉम्बोन वाजवणारे तिघं जण पहिले तीन भाग नुसते बसून असतात, त्यांची पाळी येते थेट चौथ्या भागात. ड्वोरझाकच्या 'न्यू वर्ल्ड' सिम्फनीत तर झांज अख्ख्या रचनेत एकदाच वाजते, तीही हळू. आता कल्पना करा, तुम्ही सतरा वर्षांचे आहात. कित्येक वर्षं रोज रियाज केलाय, ऑडिशन देऊन निवडले गेलाय आणि ऐन सुट्टीत दोन आठवडे होस्टेलवर राहायला आलाय. आणि वाट्याला काय आलं? गप्प बसा आणि मात्रा मोजा!

माझ्या मते, टीनएजर वादकांच्या उन्हाळी निवासी कोर्समधली हीच सगळ्यात भारी गोष्ट आहे.

इथे ऑर्केस्ट्रा म्हणजे गणपतीत मांडवात होतो तो नव्हे, तर व्हायोलिनपासून टिंपनीपर्यंतचा शंभरेक वादकांचा ताफा. ब्रिटनची 'नॅशनल यूथ ऑर्केस्ट्रा' रूथ रेल्टन यांनी १९४८ मध्ये सुरू केली. १३ ते १९ वयाची मुलं शाळेच्या सुट्ट्यांमध्ये एकत्र राहून सराव करतात. जगप्रसिद्ध कंडक्टर सायमन रॅटल लहानपणी इथेच तालवाद्यं वाजवायचे. अमेरिकेत कार्नेगी हॉलने २०१३ पासून १६ ते १९ वयोगटासाठी असाच उपक्रम सुरू केला. न्यूयॉर्कजवळच्या एका कॉलेजच्या कॅम्पसवर साधारण दोन आठवडे तयारी आणि मग थेट दौरा.

या कोर्समध्ये दिवस कसा जातो? आधी प्रत्येक वाद्याचा गट वेगळा बसतो. सगळ्या व्हायोलिनचे गज एकाच वेळी वर आणि एकाच वेळी खाली गेले पाहिजेत, यावर तासन् तास घासाघीस चालते. मग सगळे एकत्र येतात. ओबोच्या एका सुरावर वाद्यं जुळवली जातात आणि घरी एकट्याने 'परफेक्ट' बसवलेली ओळ शंभर जणांत कशी हरवते, ते कळतं. पाठांतर इथे कामाला येत नाही, कान येतो. शेजारचा कुठे श्वास घेतो, मागचा कुठे घाई करतो, हे ऐकावंच लागतं. जेवणाच्या टेबलावरही तोच शेजारी असतो, त्यामुळे रुसवेफुगवे फार काळ टिकत नाहीत. आठवड्यातून एकदाच्या क्लासमध्ये हे होत नाही. म्हणून राहायलाच जायचं.

मग माझा आक्षेप कशाला आहे? खुर्च्यांच्या शर्यतीला. मिशिगनमधला इंटरलॉकनचा कॅम्प १९२८ पासून चालू आहे आणि त्याचं नाव मोठं आहे. तिथे अनेक वर्षं दर आठवड्याला 'चॅलेंज' व्हायचं. एकच तुकडा दोघांनी वाजवायचा आणि पुढे कोण बसणार, हे गटातल्या बाकीच्यांनी ठरवायचं. 'स्पर्धा नसेल तर पोरं सराव कशाला करतील?' हा युक्तिवाद अगदीच फालतू नाहीये. पण ही मुलं ऑडिशनची स्पर्धा जिंकूनच आलेली असतात ना! आणि आपला एक चुकीचा सूर पूर्ण गटाला आडवा करतो, ही जाणीव सराव करून घ्यायला पुरेशी असते. ज्याला हरवायचंय त्याचंच वाजवणं मन लावून कोण ऐकेल?

दुसरी शर्यत पैशांची. अमेरिकेतल्या अनेक उन्हाळी कोर्सची फी हजारो डॉलर आहे. कार्नेगी हॉलचा कोर्स मोफत आहे, हे चांगलंच. पण ऑडिशनपर्यंत पोचायला आधी वाद्य हवं, शिक्षक हवा. बसून तर लाखो रुपयांना पडतो. म्हणून ब्रिटनच्या ऑर्केस्ट्राने संधी कमी मिळालेल्या मुलांसाठी 'एनवायओ इन्स्पायर' हा वेगळा कार्यक्रम चालवला, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. एकत्र वाजवायला शिकवणारा कोर्स पाकीट बघून मुलं निवडत असेल, तर पहिल्याच दिवशी बेसूर झाला म्हणायचा.

'आपला काय संबंध?' असं वाटत असेल तर जुनी हिंदी गाणी ऐका. त्यातली व्हायोलिनं, ट्रम्पेट वाजवणारे कितीतरी जण गोव्याचे होते. चर्चच्या शाळांमध्ये नोटेशन वाचायला शिकलेले. म्हणूनच समोर कागद आला की पन्नास जण एकत्र वाजवू शकायचे. २००६ मध्ये मुंबईत एनसीपीएमध्ये 'सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया' सुरू झाला, तेव्हा मात्र बरेचसे वादक परदेशातून आणावे लागले. आपल्याकडे टॅलेंट नाही असं कोण म्हणेल? पण आपण मुलांना सोलो वाजवायला शिकवतो. रिअ‍ॅलिटी शोमध्येही एकच विजेता आणि रीलमध्येही एकच चेहरा. मे महिन्यात गोव्यात किंवा मुंबईत पन्नास मुलं तीन आठवडे एकत्र राहून वाजवताहेत, फी प्रत्येकाच्या ऐपतीप्रमाणे आणि खुर्च्या प्रत्येक रचनेला बदलणाऱ्या, हे काही अशक्य स्वप्न नाही.

त्यातली सगळीच मुलं पुढे संगीतात करिअर करणार नाहीत. नकोच करायला. पण तीन भाग शांत बसून चौथ्यात अचूक सूर लावणारं पोर कुठल्याही ऑफिसात, कुठल्याही टीममध्ये उपयोगी पडेल. तेव्हा तुमचा धाकटा भाऊ-बहीण अशा कोर्सहून परत आले, तर 'कितवी खुर्ची मिळाली?' असं विचारू नका. 'शेजारी कोण होतं आणि ते कसं वाजवायचं?' एवढंच विचारा.