चोथ्याला कचरा कोण म्हणालं?

बिअरच्या चोथ्यापासून बिस्किटं, प्रोटीन बार, चामड्यासारखं कापड बनवणाऱ्यांचं सादरीकरण बहुधा एकाच वाक्याने सुरू होतं : 'हा कचरा आहे.' माझं भांडण या पहिल्या वाक्याशीच आहे.

चोथा म्हणजे साखर काढून घेतलेला सातू. कोरड्या वजनात साधारण पाचवा हिस्सा प्रथिनं. गाईगुरं तो पिढ्यान् पिढ्या खात आली आहेत. अमेरिकेत एफडीएच्या नव्या पशुखाद्य-नियमांत हा चोथा अडकणार असं दिसताच बिअर बनवणारे आणि शेतकरी दोघंही उसळले, आणि 2014 मध्ये एफडीएला मसुदा बदलावा लागला. कचऱ्यासाठी कोणी असं भांडतं का?

आता साधं गणित. 100 लिटर बिअरमागे सुमारे 20 किलो ओला चोथा निघतो. त्यात 16 किलो पाणीच. ते सगळं उष्णतेने उडवायचं तर यंत्रातली गळती न धरताही 10 युनिट ऊर्जा लागते, आणि हाती येतं 4 किलो पीठ. दाबून थोडं पाणी निघतं, सगळं नाही. हा आकडा स्लाइडवर नसतो; झाडाचं चित्र मात्र असतं.

शहरातल्या छोट्या ब्रुअरीजवळ गोठा नसतो आणि चोथा दोन-तीन दिवसांत आंबतो, हे मान्य. तिथे तो ओलाच वापरून अळंबी पिकवा, माझी हरकत नाही.

उरलेल्या मालाचा खरा उपयोग कसा असतो, ते मुंबईने पाहिलं आहे. बिअरनंतर तळाशी राहणाऱ्या यीस्टपासून 1902 पासून इंग्लंडमध्ये मार्माइट बनू लागलं. लुसी विल्स या डॉक्टरने ते मुंबईच्या कापड गिरण्यांत राबणाऱ्या, रक्तक्षयाने खंगलेल्या गरोदर बायकांना दिलं आणि त्या बऱ्या झाल्या. तिचा निबंध 1931 चा. त्या अज्ञात घटकाला पुढे फोलेट हे नाव मिळालं. स्वस्त गोष्ट, तिची सगळ्यात जास्त गरज असलेल्यांच्या पोटात गेली. आपण नेमकं उलटं करतो आहोत : गोठ्यातलं स्वस्त प्रथिन उचलून, वाळवून, जिममध्ये जाणाऱ्या माझ्यासारख्यांना चकचकीत वेष्टनात विकतो आहोत. दुधवाल्याने त्याऐवजी महागडी पेंड घ्यायची, आणि पर्यावरण वाचवल्याचं पुण्य आपल्या खात्यावर.

पुढच्या सादरीकरणात मला दोनच गोष्टी दाखवा : वाळवायला किती युनिट लागली, आणि हा चोथा काल कुणाच्या गोठ्यात जात होता.