आजीचा ‘वात’ नेमका कोणता?



घरात आजी असली की सकाळी एक वाक्य हमखास कानावर पडतं. गुडघ्यावर हात टेकून उठताना ती म्हणते, “वात हाय बाबा, म्हातारपणाचा. त्याला काय औषध?” आपण तेलाची बाटली आणून देतो आणि दप्तर उचलून शाळेला पळतो.

पण हा ‘वात’ म्हणजे एकच आजार नव्हे बरं का! सांधेदुखीचे शंभराहून अधिक प्रकार डॉक्टरांना माहीत आहेत. प्रकार वेगळा, तसा उपायही वेगळा. म्हणून आज आपण जरा गुप्तहेर होऊ या.

आधी सांधा कसा असतो ते पाहू. दोन हाडं जिथे भेटतात तो सांधा. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते. सांध्याच्या आत पातळ अस्तर असतं आणि त्यातून वंगणासारखा द्रव पाझरतो. बैलगाडीच्या आसाला वंगण लागतं ना, तसंच!

आता दोन आज्या डोळ्यांसमोर आणा. एक नांदेडची. गोदावरीच्या घाटाच्या पायऱ्या उतरताना तिचे गुडघे कुरकुरतात. सकाळी दहा-पंधरा मिनिटं पाय आखडतात, मग मोकळे होतात. फार चाललं, खाली मांडी घालून बसलं की दुखणं वाढतं. विसावा घेतला की कमी होतं. हा झिजेचा संधिवात. यात कूर्चा झिजून पातळ होते. वजन आटोक्यात ठेवणं आणि मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम हे यावरचे पहिले उपाय.

दुसरी आजी लातूरची. सकाळी तिची बोटं इतकी आखडतात की तासभर कणीकसुद्धा मळवत नाही. दोन्ही हातांची बोटं आणि मनगटं सुजतात. विसाव्यानं बरं वाटत नाही, उलट हालचाल केली की मोकळं वाटतं. हा आमवात. रोगजंतूंशी लढणारी शरीराची फौजच इथे चुकून सांध्याच्या अस्तरावर चाल करते! हा काही फक्त म्हातारपणाचा आजार नाही. तिशी-चाळिशीतही तो सुरू होतो आणि बायकांमध्ये जास्त आढळतो. म्हणजे तो आईला, मावशीलाही होऊ शकतो. औषध लवकर सुरू झालं तर बोटं वाकडी होण्यापासून वाचवता येतात. ‘वातच आहे’ म्हणत काढलेली दोन-तीन वर्षं मात्र परत मिळत नाहीत.

आणि आजोबा? रात्री झोपेत अचानक पायाचा अंगठा लालबुंद होऊन ठणकला, तर ते ‘गाऊट’ असू शकतं. रक्तातलं युरिक आम्ल वाढून त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यात साचतात.

कोणता प्रकार किती आढळतो, हेही मोजलं गेलं आहे. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ साली डॉक्टर आणि गावातले स्वयंसेवक घरोघर गेले. चार हजारांहून अधिक प्रौढांना त्यांनी प्रश्न विचारले. हाडं, सांधे किंवा स्नायू दुखणारे निघाले शंभरात सुमारे १८. झिजेचा संधिवात शंभरात जवळजवळ ६ जणांना, तर आमवात हजारात ५ जणांना होता.

“हे मोठ्यांचं झालं,” असं म्हणून पान उलटू नका! संधिवात मुलांनाही होतो. एखाद्या मुलाचा गुडघा सहा आठवडे सुजलेला राहतो. सकाळी तो लंगडतो आणि दुपारी खेळतोही. मग सगळे म्हणतात, “शाळा बुडवायचं नाटक!” ते नाटक नसतं. या आजारात डोळे लाल न होताही आतून सुजू शकतात, म्हणून डोळ्यांची तपासणीही करावी लागते.

दुसरा एक आजार घशातून येतो. घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो. आज गुडघा, उद्या घोटा, परवा कोपर, असे सांधे सुजतात. सांधे बरे होतात, पण हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात. तेव्हा अशा मुलाला लगेच डॉक्टरकडे न्यायचं.

मात्र दिवसभर हुंदडल्यावर रात्री पोटऱ्या दुखल्या, सूज नाही आणि सकाळी सगळं ठीक असलं, तर घाबरू नका. वाढत्या वयात तसं होतं.

डासही सांधे धरतो! आपल्या शेजारच्या बार्शीत १९७३ साली चिकुनगुन्याची साथ आली होती. पुढे तीसेक वर्षं हा आजार जणू गायब झाला आणि २००६ मध्ये मराठवाड्यात पुन्हा आला. ताप चार दिवसांत गेला, पण कित्येकांचे सांधे महिनोन्महिने दुखत राहिले. हा डास दिवसा चावतो आणि साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. पाणी साठवणं आपल्याला चुकत नाही. मग निदान रांजण आणि पिंपं झाकून ठेवू या, आठवड्यातून एकदा घासून कोरडी करू या.

आता तुमचं काम. आजीला तीन प्रश्न विचारा. सकाळी किती वेळ आखडतं? कोणते सांधे दुखतात? विसाव्यानं बरं वाटतं की हालचालीनं? उत्तरं वहीत लिहा आणि आईबाबांना दाखवा. ती वही डॉक्टरांच्या फार कामी येईल. नांदेडला विष्णुपुरीत आणि लातूर शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं मोठं रुग्णालय आहे.

आणखी दोन गोष्टी. कुणी दिलेली बिननावाची पुडी आजीला घेऊ देऊ नका. तिच्यात स्टिरॉइड असू शकतं. दुखणं झटकन थांबतं, पण हाडं ठिसूळ होतात. दुसरं म्हणजे, आमवाताची एक नेहमीची गोळी, मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांनी ती दिली असेल, तर कॅलेंडरवर त्या वारावर लाल खूण करायचं काम तुमचं!

आणि आजी पुन्हा म्हणाली, “त्याला काय औषध?” तर तिला सांगा, “आजी, आधी वात कोणता ते तर बघू!”