रेड अलर्ट दिला आणि ऊन पडलं!

दोस्तांनो, आज कोकणातल्या, मुंबईतल्या आणि गोव्यातल्या शाळकरी मंडळींचा अगदी जिव्हाळ्याचा विषय! आदल्या रात्री बातमी येते : उद्या रेड अलर्ट, शाळांना सुट्टी. सकाळी उठून पाहावं तर लख्ख ऊन. तुम्ही खूश, पण आजोबा पेपर बाजूला टाकत म्हणतात, "या वेधशाळेचं काही खरं नाही." आजोबांशी वाद कोण घालणार? पण जरा वेधशाळेचीही बाजू ऐकू या.

आधी 'मुसळधार' म्हणजे किती? पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. तेवढ्या वेळात ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस झाला की तो मुसळधार, २०४.४ पर्यंत अतिमुसळधार. त्याच्याही वर गेला की... छत्रीचा काही उपयोग नाही, एवढं समजा! १ मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर पाणी. म्हणजे १० चौरस मीटरच्या गच्चीवर २०० मिलिमीटर पाऊस झाला, तर तिथे २,००० लिटर पाणी ओतलं गेलं.

आता २६ जुलै २००५ ची मुंबई आठवा (तुमचा तेव्हा जन्म झाला नव्हता, पण आईबाबांना विचारा). सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. पाणी वाहून गेलं नसतं, तर पाचवीतल्या मुलाच्या छातीपर्यंत उभं राहिलं असतं. लोकल बंद पडल्या, मुलं शाळांत अडकली, शेकडो माणसं दगावली. आणि जेमतेम २५ किलोमीटरवरच्या कुलाब्याला? फक्त ७३ मिलिमीटर! शहर एक, दिवस एक, पण कुलाबेकरांसाठी तो पावसाळ्यातला एक साधा दिवस.

इथेच सगळी मेख आहे. अरबी समुद्रावरून येणारं बाष्प, किनाऱ्यालगत तयार होणारा कमी दाबाचा पट्टा आणि ढगांना वर ढकलणारा सह्याद्री, हा सगळा मोठा पसारा असतो. तो दोन-चार दिवस आधी बऱ्यापैकी ओळखता येतो. म्हणून 'सिंधुदुर्ग जिल्ह्यात अतिमुसळधार' असं सांगता येतं. पण जिल्हा म्हणजे काय एक अंगण आहे? आंबोलीच्या घाटात आभाळ फाटलेलं असताना देवगडच्या किनाऱ्यावर ऊन असू शकतं. इशारा मात्र दोघांनाही एकच.

कॉम्प्युटर हवेचे चौकोन पाडून गणित करतो. भारतात बरीच वर्षं हे चौकोन सुमारे १२ किलोमीटरचे होते. मे २०२५ मध्ये पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केलेली ६ किलोमीटरची पद्धत सुरू झाली. पण गडगडाटी ढग काही वेळा त्याहूनही लहान असतो आणि तासाभरात संपूनही जातो. जाळ्याची भोकं मोठी असली की बारकी मासळी निसटते, तसंच हे!

त्या निसटणाऱ्या ढगासाठी डॉप्लर रडार. ते लहरी सोडतं, त्या पावसाच्या थेंबांवर आपटून परत येतात. ढग किती भरलेला आहे आणि थेंब आपल्याकडे येताहेत की लांब जाताहेत, हे त्यातून कळतं. समुद्रावर पर्जन्यमापक कोण ठेवणार? तिथे रडारच हवं. २००५ साली मुंबईत डॉप्लर रडार नव्हतं. आता कुलाबा आणि वेरावली अशी दोन आहेत. त्यांच्या जोरावर पुढच्या तीन तासांचा अंदाज देता येतो. तोच खरा कामाचा, कारण तो आपल्या डोक्यावरच्या ढगाबद्दल बोलतो.

तरी चूक होतेच. आणि अंदाज देणाऱ्यापुढे पेच असतो : इशारा दिला आणि पाऊस आला नाही, तर लोक हसतात. दिला नाही आणि आला, तर माणसं जातात. मला विचाराल तर फुकट गेलेली सुट्टी परवडली. पण असं चार वेळा झालं की पाचव्या वेळी आजोबा खाडीकाठचं घर सोडायला तयार होत नाहीत, आणि हा धोका हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

एक गंमत माहीत आहे? कोकणात विजा जास्त चमकतात त्या मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात. ऐन जुलैतला पाऊस बहुतेक वेळा गडगडाट न करताच झोडपतो. त्यामुळे 'गडगडत नाही, म्हणजे जोर नाही' असं समजू नका. वीज दिसली की मात्र आकडे मोजा. तीन सेकंदांनी गडगडाट ऐकू आला, तर वीज सुमारे १ किलोमीटरवर. तीस सेकंदांच्या आत आला, तर क्रिकेट तिथेच थांबवून पक्क्या घरात पळायचं, झाडाखाली नाही! शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही.

आणि हो, एक सरळ उभ्या बाजूंचा डबा उघड्यावर ठेवा. रोज सकाळी साडेआठला आत पट्टी बुडवून पाणी मोजा, वहीत लिहा आणि पेपरातल्या आकड्याशेजारी तुमचा आकडा मांडा. महिन्याभराने ती वही आजोबांना दाखवा.