जगाच्या पंचायतीतले खुर्द आणि बुद्रुक

आंबेगाव तालुक्यात अवसरी दोन आहेत. एक अवसरी बुद्रुक आणि दुसरे अवसरी खुर्द. बुद्रुक म्हणजे थोरले, खुर्द म्हणजे धाकटे. जुन्या फारसी दप्तरातून आलेले हे शब्द आज फक्त पत्त्यापुरते उरले आहेत. दोन्ही गावांच्या ग्रामपंचायती स्वतंत्र आहेत आणि खुर्दच्या ग्रामसभेचा ठराव बुद्रुकला रद्द करता येत नाही. जगाच्या पंचायतीत मात्र थोरले-धाकटे हा भेद १९४५ पासून लेखी कायद्याने पक्का करून ठेवलेला आहे. संयुक्त राष्ट्रसंघाचे आज १९३ सदस्य आहेत. त्यातले पाच बुद्रुक आणि उरलेले १८८ खुर्द. अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन आणि फ्रान्स या पाचांपैकी एकाने जरी हात आडवा केला तरी सुरक्षा परिषदेत बाकी सगळ्या जगाचे मत मातीमोल होते. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनवर हल्ला करणाऱ्या रशियानेच स्वतःविरुद्धचा ठराव हाणून पाडला. गाझातील युद्धबंदीचे ठराव अमेरिकेने एकदा नव्हे, अनेकदा अडवले. आरोपीच न्यायाधीशाच्या खुर्चीत बसलेला असा हा कारभार आहे.

संघ स्थापन झाला तेव्हा सदस्य ५१ होते. आशिया-आफ्रिकेतले बहुतेक देश तेव्हा गुलामीत होते. ते स्वतंत्र होऊन आत आले, पण बैठकीची मांडणी तीच राहिली. १९६५ मध्ये अस्थायी जागा सहाच्या दहा झाल्या, इतकाच काय तो बदल. सनदेच्या १०८ व्या कलमाप्रमाणे दुरुस्तीला दोन तृतीयांश सदस्यांची संमती लागते आणि त्यात पाचही स्थायी सदस्यांची मान्यता असावी लागते. म्हणजे वतन खालसा करायचे, पण आधी वतनदाराची सही आणायची! महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ पासून जो लढा दिला त्याची माहिती असलेल्या आमच्या वाचकांना ही तऱ्हा नवी वाटणार नाही.

पैशाच्या कारभारातही हेच. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत मोठ्या निर्णयांना ८५ टक्के मते लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे १६ टक्क्यांहून अधिक मते आहेत. त्यामुळे तिच्या मर्जीशिवाय पान हलत नाही. जागतिक बँकेच्या अध्यक्षपदी आजवर अमेरिकेनेच पुढे केलेला माणूस बसत आला. २०२३ मध्ये अजय बंगा अध्यक्ष झाले तेव्हा आमच्या पुण्यातल्या खडकीत जन्मलेला माणूस तिथे पोचला म्हणून काहींना भरून आले. जन्म खडकीचा असेल, परंतु नामांकन वॉशिंग्टनचे होते.

तेव्हा ही व्यवस्था बदलली पाहिजे आणि भारताला सुरक्षा परिषदेत कायमची जागा मिळाली पाहिजे, ही मागणी रास्त आहे. तिला आमचा पाठिंबा आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कला भविष्यासाठीचा करार मंजूर झाला. त्यात परिषद अधिक प्रातिनिधिक करण्याची आणि आफ्रिकेवरील ऐतिहासिक अन्याय दूर करण्याची भाषा आहे. २०२३ मध्ये दिल्लीच्या बैठकीत आफ्रिकी संघाला जी-२० चे सदस्यत्व मिळाले, त्याचे श्रेय भारताला दिलेच पाहिजे.

आता जे सांगायचे आहे ते प्रस्थापित वर्तमानपत्रे सांगत नाहीत. ही कायम जागेची मागणी नेमकी कोणी आणि कधी केली होती? नेहरूंचे सरकार कम्युनिस्ट चीनला राष्ट्रसंघात जागा मिळावी म्हणून खटपट करीत होते, त्या १९५१ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विचारले की भारताने ती शक्ती स्वतःच्या स्थायी सदस्यत्वासाठी का खर्च करू नये? शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या निवडणूक जाहीरनाम्यात हा मुद्दा आहे. आज जी मागणी सगळे पक्ष छाती पुढे काढून करतात ती आमच्या फेडरेशनच्या कागदावर सत्तर वर्षांहून अधिक काळ नोंदलेली आहे.

परंतु त्याच वर्षी बाबासाहेबांनी आणखी एक गोष्ट सांगितली. १० ऑक्टोबर १९५१ च्या मंत्रिपदाच्या राजीनाम्याच्या निवेदनात त्यांनी नमूद केले की अनुसूचित जातींच्या स्थितीबद्दल संयुक्त राष्ट्रसंघाला सादर करण्यासाठी त्यांनी अहवाल तयार केला होता. घटना समितीला आणि पुढच्या संसदेला संधी द्यावी म्हणून तो त्यांनी पाठवला नाही. त्याआधी जुलै १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिले होते. निग्रो समाजाने राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती, कारण अस्पृश्यांनीही तो मार्ग धरावा असे त्यांच्या मनात होते. देशाला जगाच्या बैठकीत मानाची जागा हवी, आणि देशातल्या अस्पृश्याला त्याच बैठकीत दाद मागण्याचा हक्क हवा. बाबासाहेबांच्या ठायी या दोन मागण्या एकत्र नांदत होत्या. आमच्या राज्यकर्त्यांनी पहिली उचलली आणि दुसरी गाडून टाकली.

गाडण्याचा हा इतिहास कागदपत्रांतूनच वाचावा, म्हणजे आमच्यावर आकसाचा आरोप होणार नाही. १९४६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांना वंशभेदाची वागणूक मिळते, ही तक्रार भारताने आमसभेत नेली. विजयालक्ष्मी पंडित शिष्टमंडळाच्या प्रमुख होत्या. दक्षिण आफ्रिकेने सनदेचे कलम २(७) पुढे केले आणि हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे असे सांगितले. भारताने ते अमान्य केले, आमसभेने भारताची बाजू दोन तृतीयांश मतांनी उचलून धरली. माणसाची अप्रतिष्ठा हा कोणाचाच घरगुती मामला नसतो, असा हा निवाडा होता.

पुढे १९६५ मध्ये वंशभेद निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच्या पहिल्या कलमात वंश, वर्ण, राष्ट्रीय वा वांशिक मूळ यांच्याबरोबर जन्माने आलेले कूळ हाही भेदभावाचा एक आधार सांगितला आहे. हा कुळाचा शब्द घालण्याची सूचना कोणाची? भारताची! १९६८ मध्ये भारताने करारावर मान्यतेची मोहोर उठवली. आणि १९९६ मध्ये कराराच्या समितीपुढे भारताचाच प्रतिनिधी उभा राहून म्हणाला की या शब्दात जात येत नाही. समितीने ते मानले नाही. २००१ मध्ये डर्बन येथे वंशभेदविरोधी जागतिक परिषद भरली, देशभरातून दलित कार्यकर्ते तिथे पोचले, आणि वाजपेयी सरकारने सगळी ताकद लावून जात हा शब्द जाहीरनाम्यात येऊ दिला नाही. ज्या देशाला १९४६ मध्ये आपण अंतर्गत प्रश्नाची ढाल वापरू दिली नाही, त्याच देशाच्या भूमीवर आपण तीच ढाल हातात घेतली.

कोणी म्हणेल तो भाजपचा काळ होता. ठीक आहे, काँग्रेसचा पाहू. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजी घडले. त्या २७ डिसेंबरला दिल्लीत पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी अस्पृश्यतेची तुलना दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषाशी केली. असे बोलणारे ते पहिले पंतप्रधान. आम्हाला बरे वाटले. दोन महिनेही झाले नसतील, फेब्रुवारी २००७ मध्ये त्याच सरकारचे सॉलिसिटर जनरल गुलाम वहानवटी जिनिव्हात समितीपुढे सांगत होते की जात म्हणजे वंश नव्हे, हा करार इथे लागू नाही. वकिली भाषेत याला परस्परविरोधी पवित्रा म्हणतात आणि साध्या दिवाणी दाव्यातही कोर्ट तो खपवून घेत नाही. जात म्हणजे वंश नव्हे, हे आम्हालाही मान्य आहे, बाबासाहेबांनीही जातीचे मूळ वंशात मानले नाही. परंतु करारात वंशाशेजारी कुळाचा वेगळा शब्द तुम्हीच लिहिला आहे, त्याचे काय?

दाराशी तर याहून वाईट प्रकार. आंतरराष्ट्रीय दलित एकता नेटवर्क या संस्थेने संयुक्त राष्ट्रांकडे सल्लागार दर्जा मागितला. २००८ पासून तिचा अर्ज समितीत पडून राहिला. शंभर लेखी प्रश्न विचारले गेले आणि ते सगळे भारताचे होते. शेवटी डिसेंबर २०२२ मध्ये आर्थिक व सामाजिक परिषदेत मतदान होऊन दर्जा मिळाला. मधल्या काळात, मार्च २०१६ मध्ये, अल्पसंख्याकविषयक विशेष प्रतिवेदक रिटा इझाक यांनी जातिभेदावर अहवाल मांडला तेव्हा भारताने त्यांच्या अधिकारावरच आक्षेप घेतला. आणि एप्रिल २०१६ मध्ये? न्यूयॉर्कच्या मुख्यालयात भारताच्याच पुढाकाराने बाबासाहेबांची १२५ वी जयंती थाटात साजरी झाली. तिचा आम्हाला अभिमान आहेच. पण बाबासाहेबांचा फोटो आत आणि बाबासाहेबांचा समाज दाराबाहेर, ही रीत आम्हाला नवी नाही.

हे सगळे न्यूयॉर्क-जिनिव्हाचे झाले, आंबेगावचा त्याच्याशी काय संबंध, असे विचारणारे भेटतात. अवसरी खुर्दला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, राज्यभरातली मुले इथे शिकतात. त्यांच्यातल्या काहींशी बोलताना हाच प्रश्न आला. आम्ही त्यांना पश्चिमेकडचे डोंगर दाखवले. ३० जुलै २०१४ च्या सकाळी याच तालुक्यातले माळीण डोंगराखाली गाडले गेले, १५१ माणसे गेली, बहुतेक महादेव कोळी. दोष कोणाचा यावर तेव्हा पुष्कळ वाद झाले. पण अतिवृष्टीचे फटके यापुढे वाढणार हे हवामानशास्त्र सांगते, आणि अशा हानीसाठी २०२२ मध्ये शर्म अल शेखच्या परिषदेत निधी उभारायचे ठरले. तो निधी देशांच्या सरकारांशी बोलणार. माळीणसारख्या वाडीचे नाव त्या टेबलावर कोण घेणार?

याच तालुक्यात घोड नदीवर डिंभे धरण झाले. पाणी कुकडी प्रकल्पातून पुणे, नगर, सोलापूरच्या बागायतीला गेले आणि ज्यांची भातखाचरे बुडाली ते आदिवासी काठावर राहिले. त्यांनी ‘शाश्वत’ संस्थेच्या सोबतीने जलाशयातल्या मासेमारीचा हक्क मिळवला, पाणी ओसरल्यावर गाळपेर केली, उतारावर पडकईने खाचरे घातली. या कामाला २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. म्हणजे राष्ट्रसंघाचा पुरस्कार आंबेगावात येऊ शकतो. आंबेगावातून तक्रार मात्र राष्ट्रसंघात जाऊ शकत नाही.

का जाऊ शकत नाही? वंशभेदविरोधी कराराच्या १४ व्या कलमाखाली पीडित व्यक्तीला समितीकडे थेट अर्ज करता येतो, पण तिच्या देशाने तशी घोषणा केलेली असली तरच. भारताने ती केलेली नाही. नागरी व राजकीय हक्कांचा करार भारताने १९७९ मध्ये स्वीकारला, त्याचा वैयक्तिक तक्रारीचा जोडकरार नाही. छळविरोधी करारावर १९९७ मध्ये सही केली, मान्यता अजून नाही. गंमत पाहा, ज्या दक्षिण आफ्रिकेने १९४६ मध्ये दार लावून घेतले होते, तिने वर्णद्वेषी राजवट गेल्यावर १९९८ मध्ये करार स्वीकारतानाच १४ व्या कलमाची घोषणा करून टाकली.

घरची लक्तरे चव्हाट्यावर कशाला टांगता, हा आक्षेप आम्ही नेहमी ऐकतो. लक्तरे टांगल्याने अब्रू जात असेल तर ती फाडणाऱ्याला आधी विचारा. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. मानवी हक्कांचे नाव घेऊन बडी राष्ट्रे दुबळ्यांवर दांडगाई करतात. हे खरे आहे. सुरक्षा परिषदेची मान्यता नसताना अमेरिकेने २००३ मध्ये इराकवर स्वारी केली आणि मानवी हक्क परिषदेतून सोयीप्रमाणे ती बाहेरही पडते. परंतु १४ व्या कलमात फौज येत नाही, निर्बंध येत नाहीत. देशातले सगळे न्यायालयीन उपाय संपल्यावरच अर्ज करता येतो आणि अठरा तज्ज्ञांची समिती आपले मत कळवते, इतकेच. आमच्याकडे अट्रॉसिटीचा कायदा १९८९ पासून आहे. तरी राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाने २०२२ या एका वर्षात अनुसूचित जातींवरील ५७,५८२ गुन्हे नोंदवले. तालुका कोर्टात असे खटले चालवताना साक्षीदार कसे फुटतात आणि तपास कसा ढिला ठेवला जातो हे आम्ही पाहतो. वर एक डोळा आहे हे माहीत असले तर तपास अधिकाऱ्याचे पेन जरा नीट चालते.

१९३२ मध्ये मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायतींचे विधेयक आले तेव्हा बाबासाहेबांनी नुसत्या मतदानाच्या हक्कावर समाधान मानले नाही, अस्पृश्यांना राखीव प्रतिनिधित्व मागितले. कारण बहुमताच्या गावात एकटे मत बुडून जाते. हाच न्याय जागतिक पंचायतीलाही लावला पाहिजे. भारताला जागा मिळेल, पण भारतातले वीस कोटींहून अधिक दलित तिथे कोणाच्या तोंडून बोलतील? २०१५ मध्ये ठरलेल्या शाश्वत विकासाच्या सतरा उद्दिष्टांत आणि १६९ लक्ष्यांत कोणालाही मागे न ठेवण्याची प्रतिज्ञा आहे, जात हा शब्द मात्र कुठेही नाही. शेजारच्या नेपाळने २००९ मध्ये काम व कूळ यांवर आधारित भेदभावाविरुद्धच्या तत्त्वांना जाहीर पाठिंबा दिला. अमेरिकेतल्या सिएटल शहराने २०२३ मध्ये जातिभेदाला बंदी करणारा वटहुकूम काढला. जात समुद्रापार गेली, तिच्यावरचा कायदाही गेला, आणि दिल्ली अजून हा अंतर्गत प्रश्न म्हणते. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राने जनगणनेत जातींची मोजणी करण्याचे ठरवले. मोजलेले आकडे सतरा उद्दिष्टांच्या अहवालात जातवार दाखल करायला आता कोणती सबब उरते?

१४ व्या कलमाच्या घोषणेला घटनादुरुस्ती लागत नाही, सनदेतल्या पाच वतनदारांची मान्यताही लागत नाही. भारत सरकारने राष्ट्रसंघाच्या सरचिटणीसांकडे एक निवेदन दाखल करायचे असते. आंबेगाव तालुका शिरूर लोकसभा मतदारसंघात येतो. आमच्या खासदारांनी येत्या अधिवेशनात परराष्ट्र मंत्र्यांना तारांकित प्रश्न विचारावा की ही घोषणा भारत कधी करणार आणि करणार नसेल तर कारण काय. आमच्या कार्यकर्त्यांनी वस्ती-वस्तीच्या विहारात सह्या घेऊन हे निवेदन खासदारांच्या हाती द्यावे. मसुदा आम्ही तयार केला आहे, तो एका पानाचा आहे.